काळं पडलेलं ऑइल आणि त्याची तपासणी : थोडा इतिहास, थोडा हिशोब



नांगरट उरकली की आपल्याकडं ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं काम निघतं. मिस्त्री चेंबरचा नट सोडतो, काळंभोर ऑइल डब्यात उतरतं. तो ते दोन बोटांत चोळतो, वास घेतो आणि निकाल देतो, "संपलंय ओ आण्णा, नुसतं डांबर झालंय." कधी कधी त्यापुढं जाऊन सांगतो, "या कंपनीचं ऑइल लवकर काळं पडतं, पुढच्या टायमाला दुसरं टाका." आपण मान डोलावतो आणि दुकानात जाऊन दुसऱ्या रंगाचा डबा आणतो.

बोटांनी ऑइल ओळखायची ही रीत आली कुठून, ती कधीकाळी बरोबर होती का, आणि ज्यांच्याकडं मोठमोठी इंजिनं होती त्यांनी ती कधी सोडली, यावर आज लिहितोय. विषय यंत्राचा आहे, पण वाटेत माती परीक्षणाची लॅबही लागणार आहे, म्हणून कृषी खात्यातल्या आणि कॉलेजातल्या मित्रांनीही वाचावं.

आपल्या भागात वंगण हा शब्द इंजिनाच्या आधीपासून आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण लागायचं, मोटेच्या चामड्याला आणि नाड्याला तेल लागायचं. सोलापूर हा करडईचा मुलूख. करडईचं तेल आटवून, जाळून काळं चिकट रोगण करायचे आणि पाण्यात राहणाऱ्या चामड्याला चोळायचे. एरंडेल तर जगभर यंत्रांत गेलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच असायचं, आणि कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा इंग्रजीतल्या एरंडाच्या नावावरूनच पडलंय. तेव्हा तेल बोटांनी बघणं साहजिकच होतं. तेलात दुसरं काही नसायचंच. चिकटपणा आहे का, कचकच लागते का, वास बदललाय का, एवढंच बघायचं.

मग आली ऑइल इंजिनं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली. पुढच्या काळात, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे तर फारच, आपल्याकडच्या विहिरींवर मोट जाऊन इंजिन बसलं. गावात वीज येईपर्यंत त्या इंजिनाच्या ठोक्यावर दिवस चालायचा. त्या काळातलं साधं ऑइल म्हणजे खनिज तेल, त्यात औषध असं फारसं नाही. जळालेल्या डिझेलची काजळी रिंगांच्या खाचांत आणि पिस्टनवर थापली जायची, उरलेली चेंबरच्या तळाला बसायची. वरचं ऑइल त्यामानानं बरं दिसायचं. म्हणून तेव्हा ऑइल झटपट काळं पडलं तर रिंगा गेल्याची शंका घेणं बरोबर होतं. आपल्या जुन्या मिस्त्रींनी शिकलेला नियम त्या ऑइलचा आहे.

तो नियम चुकीचा ठरायला सुरुवात झाली ती ट्रॅक्टरमुळंच, आणि आपल्यापासून फार लांब. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीनं १९३१ च्या सुमारास डिझेलवर चालणारे साखळीचे ट्रॅक्टर विकायला काढले. ताकद भरपूर, पण थोड्याच दिवसांत रिंगा अडकायला लागल्या. डिझेलची काजळी आणि उष्णता यानं साधं ऑइल रिंगेच्या खाचेत जळून लाखेसारखं घट्ट व्हायचं. रिंग अडकली की कॉम्प्रेशन गेलं, ताकद गेली, लायनर ओरबाडला गेला. इंजिन तर नवंकोरं होतं! मग कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीबरोबर काम करून १९३५ च्या सुमारास असं ऑइल काढलं ज्यात काजळी धुऊन काढणारं औषध मिसळलेलं होतं. त्यालाच डिटर्जंट ऑइल म्हणतात. पुढं त्यात काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी, तरंगत ठेवणारी औषधंही आली.

आता विचार करा. कपडे धुतल्यावर बादलीतलं पाणी काळं झालं तर आपण साबणाला नावं ठेवतो का? तसंच हे. काजळी पिस्टनवर न थापता ऑइलमध्ये तरंगत राहिली म्हणून ऑइल काळं दिसतं. डिझेल इंजिनात चांगलं ऑइल टाकून दहा-वीस तासांत ते काळं पडलं तर ते आपलं काम करतंय. जे ऑइल फार दिवस सोन्यासारखं पिवळं राहतं त्याच्याकडं उलट मी संशयानं बघेन.

म्हणजे १९३५ नंतर रंगावरून ऑइल ओळखणं संपलं. आपल्या गॅरेजात ते अजून चालू आहे, ती गोष्ट वेगळी.

रंग गेला, मग बघायचं कशावरून? याचं उत्तर रेल्वेनं दिलं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांतून जाणारी डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न नावाची रेल्वे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, त्यांनी डिझेल इंजिनांतलं वापरलेलं ऑइल स्पेक्ट्रोग्राफवर बघायला सुरुवात केली. कल्पना अशी की इंजिनातला प्रत्येक भाग झिजतो आणि त्याचा बारीक चुरा ऑइलमध्येच उतरतो. लायनर, रिंगा झिजल्या तर लोखंड आणि क्रोमियम, पिस्टन झिजला तर ॲल्युमिनियम, बेअरिंग झिजलं तर शिसं, कथील, तांबं. ऑइलच्या थेंबावर विजेची ठिणगी पाडली की प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश सोडतो. दिवाळीच्या फटाक्यात हिरवा-तांबडा उजेड निघतो तो याच कारणानं. कोणता रंग किती तेजानं दिसतो यावरून दहा लाख भागांत किती भाग लोखंड, किती तांबं, हे कळतं. इंजिन न उघडता कोणता भाग जातोय ते समजायला लागलं. १९५५ ला अमेरिकन नौदलानं हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी घेतली, कारण आकाशात बेअरिंग जाम झालं तर बाजूला गाडी लावायची सोय नसते.

आपल्याकडं हे रेल्वेतूनच आलं. मुंबईकडून निघालेली लोहमार्गाची लाइन सोलापूरला १८६० साली पोचली, आणि पुण्यापासून सोलापूरपर्यंतच्या भागात पुढं बरीच वर्षं वाफेचीच इंजिनं धावली. डिझेलची मोठी इंजिनं भारतात १९६२ च्या आसपास अमेरिकेहून आली आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनायला लागली. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. आपल्या पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरपुढं ठेवून बघा. एका इंजिनात शेकडो लिटर ऑइल. ते काळं दिसतंय म्हणून ओतून द्यायचं तर खर्च परवडत नाही, आणि संपलेलं तसंच चालवलं तर क्रँक जाते आणि गाडी माळावर उभी राहते. म्हणून डिझेल शेडला लॅब जोडलेली असायची. सोलापूर-दौंड पट्ट्यावर अलीकडं वीज येईपर्यंत गाड्यांपुढं हीच डिझेल इंजिनं होती, आणि पुण्याच्या घोरपडी शेडची इंजिनं या मार्गावर नेहमीची. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावतेय, तेव्हा त्या काळ्या धुराची आठवणही आता पुसत चाललीय.

शेडच्या लॅबचं काम मला फार आवडतं, कारण त्यात भपका नाही. इंजिन फेरी करून आलं की नमुना घ्यायचा. घट्टपणा बघायचा. किती तापमानाला वाफ पेट घेते ते बघायचं, लवकर पेटली तर ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. पाणी आहे का बघायचं. फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून काजळीचा डाग बघायचा. आणि ठरलेल्या मुदतीनं स्पेक्ट्रोवर धातू मोजायचे. इंजिनाच्या थंड पाण्यात गंज लागू नये म्हणून सोडियम, बोरॉनची रसायनं टाकलेली असतात. ऑइलच्या रिपोर्टमध्ये सोडियम-बोरॉन वर चढले की पाणी कुठूनतरी आत झिरपतंय. शिसं चढलं की बेअरिंग बघा. मर्यादा ठरवायचं काम लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेचं. पण खरी नजर आकड्यापेक्षा चढावर असायची. त्याच इंजिनाचा मागचा आकडा किती, त्याच्या मागचा किती. एका इंजिनाला जे लोखंड नेहमीचं, ते दुसऱ्याला धोक्याचं असू शकतं.

आता माती परीक्षणाकडं येतो. जमिनीतलं झिंक, लोह, मँगनीज, तांबं मोजायला ज्या लॅबमध्ये ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन मशीन असतं, ते मशीन ॲलन वॉल्श या शास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियात शोधलं, त्याचा लेख १९५५ चा. ऑइलमधलं लोखंड, तांबं मोजायलाही पुढं तेच मशीन वापरलं गेलं. म्हणजे तुमच्या शेतातलं झिंक कमी आहे हे सांगणारं यंत्र आणि तुमच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग झिजतंय हे सांगणारं यंत्र एकाच घरातलं. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. जमीन बोटांनी चोळून, ढेकूळ फोडून ओळखायची परंपरा आपली, आणि तरीही आपण मातीचे आकडे मागायला शिकलो. ऑइलचे आकडे मागायला मात्र अजून लाजतो.

गंमत म्हणजे ऑइलच्या रिपोर्टमध्ये मातीच्या रिपोर्टमधली ओळखीची मंडळीच भेटतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस, कधी बोरॉन. ही झीज नव्हे, ऑइलमध्ये मिसळलेली औषधं. कॅल्शियम-मॅग्नेशियम धुवायचं आणि आम्ल मारायचं काम करतात, झिंक-फॉस्फरसचं मिश्रण झीज अडवतं, ते १९४० च्या दशकापासून वापरात आहे. झिंक हजारच्या आसपास दिसलं म्हणून घाबरू नका, ते तिथं असायलाच पाहिजे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हल्ली मोबाईलवर असे रिपोर्ट फिरतात : एकाच्या ट्रॅक्टरमध्ये अमुक ऑइल, लोखंड २०. दुसऱ्याच्यात तमुक ऑइल, लोखंड ४०. खाली निकाल, "अमुक ऑइल भारी." हा निकाल मला अजिबात मान्य नाही. पहिला ट्रॅक्टर शंभर तास फवारणीच्या टाकीवर चालला असेल, दुसरा अडीचशे तास रोटाव्हेटरवर. एकाचं इंजिन नवं, एकाचं दोनदा उघडलेलं. एकानं मध्ये दोन लिटर भर टाकली, त्यानं आकडे पातळ झाले. दोन वेगळ्या शेतांतलं उसाचं उत्पन्न बघून बेण्याची जात ठरवण्यासारखं आहे हे. जमीन, पाणी, खत, तोडणीची वेळ सगळं वेगळं असताना जात तेवढी कशी पकडणार? कृषी विद्यापीठं प्लॉट पाडून, पुनरावृत्ती घेऊन प्रयोग करतात ते उगाच नाही. ऑइलचा दर्जा ठरवायलाही जगभर ठरलेल्या इंजिनांवर, ठरलेल्या तासांच्या चाचण्या होतात, आणि त्यातून पास झाल्यावर डब्यावर सीएच-४, सीआय-४, सीके-४ असे दर्जे येतात. सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ चा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो दर्जा आणि जो ग्रेड लिहिलाय तो बघायचा, डब्याचा रंग नव्हे.

मग वापरलेल्या ऑइलच्या रिपोर्टवरून ऑइलबद्दल काहीच कळत नाही का? कळतं, पण मोजकंच. एक, घट्टपणा. ४० ग्रेडचं ऑइल १०० अंश तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असावं लागतं. खाली घसरलं तर बहुतेक वेळा डिझेल मिसळलंय, वर गेलं तर काजळी झालीय किंवा ऑइल करपलंय. दुसरं म्हणजे आम्ल मारायची ताकद, रिपोर्टमध्ये ती टीबीएन किंवा बेस नंबर म्हणून येते. नव्या ऑइलच्या निम्म्यावर आली की बदलायची तयारी करावी, असा सर्वसाधारण रिवाज. आणि तिसरी गोष्ट आपल्या कामाची, बनावट ऑइल. सीलबंद डब्यातल्या नव्या ऑइलचा नमुना आधी तपासून ठेवला असेल, आणि पुढं त्याच नावाच्या डब्यात कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस फारच कमी निघाले, तर डब्यात नावाचं ऑइल नाही. हे रंगानं, वासानं, बोटानं कुणालाच कळणार नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

आम्ल मारायच्या ताकदीवरून एक आठवलं. आपल्या वडीलधाऱ्यांची ऑइल लवकर बदलायची सवय उगाच नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. गंधक जळून आम्ल तयार होतं, ते रिंगा-लायनर खातं आणि ऑइलमधलं कॅल्शियम त्याला मारण्यात खर्ची पडतं. पुढं गंधक उतरत गेलं. एप्रिल २०१७ पासून देशभर ५० पीपीएम, एप्रिल २०२० पासून १० पीपीएम. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम, म्हणजे हजार पटीनं कमी. तेव्हा जुन्या काळातला तासांचा नियम आजच्या डिझेलला जसाच्या तसा लागू होत नाही. याचा अर्थ पुस्तकातल्यापेक्षा जास्त तास चालवा असं मी म्हणत नाही. वॉरंटीत असेल तर मुळीच नको. आणि सोलापूरसाठी दुसरंच कारण आहे.

ते कारण म्हणजे धूळ. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा हा जिल्हा, वर्षातले आठ महिने रान भुरभुरतं. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालताना ट्रॅक्टर दिसत नाही, नुसता ढग दिसतो. मातीचे कण म्हणजे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमातीच मुळी ॲल्युमिनियम आणि सिलिकाची बनलेली. म्हणून रिपोर्टमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीनं वर चढले, आणि मागोमाग लोखंड चढलं, तर इंजिन माती खातंय. नुसतंच सिलिकॉन असेल तर ते नव्या गॅस्केटच्या चिकट पेस्टमधूनही येतं, तिथं घाई करू नये.

माझ्या ट्रॅक्टरचं असंच झालं. मागच्या उन्हाळ्यात नांगरट आणि मका मळणी झाल्यावर नमुना पाठवला. सिलिकॉन आधीच्या रिपोर्टच्या दुपटीच्या वर, ॲल्युमिनियम बरोबर, लोखंडही चढलेलं. घट्टपणा ठीक, बेस नंबर ठीक. मिस्त्री म्हणाला, "ऑइलची कंपनी बदला आण्णा." मी म्हणलं, "मिस्त्री, ऑइल तर पास झालंय, आधी हवेचा रस्ता बघू." एअर क्लीनर स्वच्छ, ऑइल बाथमध्ये लेव्हल बरोबर. पण क्लीनरकडून इंजिनाकडं जाणाऱ्या रबरी पाइपची क्लिप सैल, आणि पाइपच्या खालच्या अंगाला केसासारखी चीर. आत बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागावं तशी माती लागली. मिस्त्रीनंच ते बघून कपाळाला हात लावला. पाइप आणि क्लिप नवी टाकली, ऑइल-फिल्टर बदललं, पुढच्या रिपोर्टला आकडे खाली आले. नुसती कंपनी बदलली असती तर त्या चिरेतून आणखी एक हंगाम माती गेली असती, आणि मग लायनर, पिस्टन, रिंगा असं पुरं इंजिन काम निघालं असतं. त्याचा खर्च किती, हे ज्यानं केलंय त्याला विचारा.

या तपासणीची मर्यादाही सांगतो. स्पेक्ट्रो अगदी बारीक कण मोजतो, पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचे. गिअरचा दात तुटून मोठा तुकडा पडला तर त्याला दिसत नाही. त्यासाठी १९७० च्या दशकात चुंबकानं कण ओढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची फेरोग्राफी निघाली. आपण घरी जुना फिल्टर कापून, त्याचा कागद उलगडून चुंबक फिरवला तरी पुष्कळ कळतं.

लॅब नसली तरी शेडमधल्या दोन गोष्टी घरी होतात. गरम तव्यावर ऑइलचा एक थेंब टाका, थोडं लांब उभं राहून. तडतडला तर पाणी आहे. आणि माती लॅबमध्ये गाळायला वापरतात तो फिल्टर पेपर आणा. त्यावर गरम इंजिनातला एक थेंब टाकून पेपर आडवा, अधांतरी, रात्रभर ठेवा. डाग एकसारखा करडा पसरला तर ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवायची ताकद आहे, मग ते कितीही काळं दिसो. मधोमध काळाकुट्ट गोळा आणि त्याला धारदार कडा, बाहेर काहीच पसरलेलं नाही, तर ती ताकद संपली, बदला. कडेला पिवळसर, तेलकट पारदर्शक कडं असेल तर डिझेल उतरतंय. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की काही जण खूश होतात, "गडी ऑइलच खात नाही." ऑइल आपोआप वाढत नसतं मंडळी. डिझेल तरी आलंय नाहीतर पाणी तरी.

जाता जाता, जळकं ऑइल वाळवीसाठी मेढींना लावतात ते ठीक, पण बांधावर, विहिरीशेजारी ओतू नका, त्यात झिजलेले धातू आणि जळालेल्या डिझेलची घाण असते. बोटांनी चोळून बघायची हौस असेल तर हात साबणानं धुवा.

नमुना पाठवायचा असेल तर इंजिन कामावरून आल्या आल्या, गरम असताना घ्या. नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत भरा. पाण्याची जुनी बाटली नको, थेंबभर पाणीही रिपोर्ट बिघडवतं. चिठ्ठीवर लिहा : मीटरचे एकूण तास, या ऑइलवर झालेले तास, ऑइलचं नाव आणि ग्रेड, मध्ये किती लिटर भर टाकली, आणि कोणतं काम केलं. पहिला रिपोर्ट आला की जपून ठेवा. दुसरा आल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.